छापखान्याचा धनी आणि वाचकाचा हक्क

एखाद्या गावी सभामंडप एकच असावा आणि त्याची किल्ली एकाच घराण्याकडे असावी. मग तेथे कीर्तन कोणाचे व्हावयाचे आणि कोणी पायरीवरूनच परतावयाचे, हे कोणी उघड मनाई न करताही ठरून जाते. किल्ली बाळगणारा सज्जन असला तरी त्यात फरक पडत नाही. वृत्तपत्रे व वाहिन्या यांच्या मालकीचा प्रश्न मला असाच दिसतो. तो मालकाच्या शीलाचा नव्हे. मंडप किती आहेत, याचा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची गाजलेली सुनावणी झाली ती एका मराठी पत्राच्या निमित्ताने. १९५६ च्या कायद्यान्वये सरकारने १९६० साली दैनिकांची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा हुकूम काढला. बड्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्तात अधिक पाने देऊन लहानांस गिळू नये, हा हेतू. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु पुण्याचा ‘सकाळ’ ७ नव्या पैशांत आठवड्यास ३४ पाने देत असे. नव्या हिशेबाने त्या किमतीत २४ च देता येत. एक तर पाने छाटावीत, नाही तर किंमत वाढवून वाचक गमवावेत. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम व त्यास आधार देणारे कलम रद्द ठरविले. न्यायमूर्ती मुधोळकरांच्या त्या निकालाचे मर्म असे, की धंद्यावर सामान्य जनहितास्तव बंधने घालता येतात. भाषणस्वातंत्र्यावरील बंधनांची कारणे मात्र घटनेने १९(२) मध्ये मोजून दिली आहेत, आणि त्यांत हे कारण नाही.

वकील म्हणून हा तर्क मला निर्दोष वाटतो. वाचक म्हणून अपुरा. बोलणाऱ्याचा हक्क त्यात पुरता सांभाळला आहे, पण ऐकणाऱ्याचे काय? १९७२ साली कागदाच्या वाटपावरून व दहा पानांच्या मर्यादेवरून पुन्हा वाद झाला, तेव्हा बहुमताने मर्यादा रद्द झाली. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी एकट्यानेच भिन्नमत नोंदवून समाजाच्या ऐकण्याच्या हिताकडे लक्ष वेधले. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ साली वृत्तपत्रे इतर उद्योगांच्या कह्यातून सोडवावीत अशी शिफारस केली. ती फायलींतच राहिली.

माझ्या मते पाने छाटणे आणि मालकीस सीमा घालणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत कीर्तनकाराच्या बोलण्यावर घाला पडतो; दुसरीत ‘तिसरा मंडप विकत घेऊ नका’ एवढेच सांगितले जाते. मात्र कात्री सरकारच्या हाती देणे मला मान्य नाही. जे सरकार स्वतःच मोठे जाहिरातदार आहे, त्यास कोणता मालक डोईजड झाला हे ठरवू देणे म्हणजे फिर्यादीलाच न्यायासनावर बसविणे होय. हे काम स्वतंत्र मंडळाचे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ साली या दिशेने शिफारशी केल्या. मक्तेदारी मोजण्याची रीत दिली, राजकीय पक्षांस वाहिन्यांची मालकी नको म्हटले, स्वतंत्र नियामकही सुचविला. मला त्या बहुतेक पटतात. एका ठिकाणी मात्र अडखळतो. बाजारपेठ मोजावयाची ती भाषेनुसार, आणि ती भाषा जेथे बहुसंख्यांची आहे त्या राज्यानुसार. म्हणजे मराठीचे माप महाराष्ट्रात घेतले जाणार. मग बेळगावचा, इंदूरचा, बडोद्याचा मराठी वाचक कोणत्या मापात? त्याच्या शहरातील मराठी पत्रे उद्या एकाच धन्याकडे गेली, तरी कागदोपत्री मक्तेदारी झालीच नाही असे ठरेल; कारण तेथे मराठीची बाजारपेठच नाही! बहुविध आवाज राखण्यासाठी केलेली मोजणी सर्वांत क्षीण आवाजापाशीच येऊन थांबते. असा कायदा पुढे कधी झालाच, तर मोजणीचे एकक राज्य नसावे, वाचकाचे शहर व त्याची भाषा असावी. हिशेब वाढेल हे खरे. पण बेळगावात किती किल्ल्या कोणाकडे आहेत, हे बेळगावातच मोजले पाहिजे.