४३ अंशांपुढचा ग्राहक

फ्रिजच्या मागे किंवा आत कोपऱ्यात एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. मॉडेल, व्होल्टेज, भरलेल्या गॅसचं वजन अशा मजकुरात तिथे ‘एन’, ‘एसटी’, ‘टी’ यांपैकी काही अक्षरं असतात. हा त्या यंत्राचा हवामानवर्ग. ‘एन’ म्हणजे भोवतालचं तापमान ३२ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर फ्रिज नीट चालेल. ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत. आणि सर्वांत उष्ण प्रदेशांसाठी असलेला ‘टी’ वर्ग ४३ पर्यंत. आंतरराष्ट्रीय मानकातले वर्ग तिथेच संपतात.

अकोल्याचा मे महिना तिथे संपत नाही. पारा ४५ च्या पुढे जाणं अकोलेकरांना नवं नाही आणि अमरावतीही फार मागे नसते. हे सावलीतलं तापमान झालं. दुपारी बंद करून उन्हात उभ्या ठेवलेल्या गाडीत काय होत असेल, हे स्टिअरिंगला हात लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि आता गाडीत ठेवायचे, १२ व्होल्टवर चालणारे छोटे फ्रिज वऱ्हाडातही विकले जातात. कोणी चिखलदऱ्याला मुक्कामाला जाताना घेतो, कोणी मेळघाटात कामासाठी फिरताना. आमच्याकडे तो आला आईच्या इन्सुलिनसाठी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली कुपी काही आठवडे बाहेर चालते, पण ‘बाहेर’ म्हणजे साधारण २५-३० अंश. आमच्या उन्हाळ्यात तशी खोली मिळणं कठीण.

या फ्रिजांत दोन जाती आहेत आणि दुकानात हा फरक क्वचितच कोणी सांगतो. एकात खरा कॉम्प्रेसर असतो. दुसऱ्यात, स्वस्त असलेल्यात, विजेच्या प्रवाहाने एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी पेल्टियर चकती असते. ही चकती ठरावीक अंश गाठत नाही, ती भोवतालपेक्षा साधारण वीसेक अंशच खाली नेते. बाहेर २५ असेल तर आत ५. बाहेर ४५ असेल तर आत २५. म्हणजे खोक्यावरचं थंडगार बाटल्यांचं चित्र एखाद्या थंड शहरात खरं असतं आणि अकोल्यात खोटं ठरतं, यंत्रात एकही बिघाड नसताना.

आमचा फ्रिज कॉम्प्रेसरचा होता आणि तो वॉरंटीतच बंद पडला. पुढचं बहुतेक वाचकांच्या ओळखीचं आहे. टोल-फ्री क्रमांक, तक्रार क्रमांक, ‘चोवीस तासांत फोन येईल’ हे आश्वासन आणि न येणारा फोन. मग मूळ खोक्यात घालून, स्वखर्चाने, दूरच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवा ही सूचना. शेवटी उत्तर आलं की यंत्र ठरलेल्या तापमानापेक्षा जास्त उष्णतेत वापरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण ते वाक्य कोणत्याही कंपनीचं असू शकतं. माझं मन त्या वाक्यातच अडकलं. पत्ता अकोल्याचा होता. पिनकोड पाहूनच माल पाठवला होता. पैसे घेताना अकोला चालतं, मग वचन पाळताना तेच अकोला दोष कसा होतो?

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. तो इथे आधी बियाण्याच्या पिशवीतून आला. सोयाबीनच्या पिशवीच्या लेबलावर उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिलेली असते. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वेळीही उत्तरं हीच होती: ओल नसताना पेरलं असेल, खोल पेरलं असेल. दोष वापरणाऱ्याचा. यातलं काही कधी खरंही असतं. पण सिद्ध कोणी करायचं? बियाणं तर सगळं मातीत गेलेलं. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा शेतकऱ्याकडून धरता येत नाही आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. या निकालाकडे मी नेहमी आदराने पाहतो. वस्तू ज्याच्या हाती बिघडली त्याच्यावरच सगळा भार टाकायचा नाही, हे त्यात आहे.

आमच्या गल्लीत पत्र्याचे कूलर बनवणारे कारागीर आहेत. त्यांची वॉरंटी छापलेली नसते. मोटर बसली की माणूस येतो, ‘भाऊ, जळली असंन त बदलून देतो’ म्हणतो आणि देतो. तो कूलर ४५ अंशांसाठीच बनलेला असतो, कारण बनवणाराही त्याच ४५ अंशांत राहतो. सगळेच कारागीर सचोटीचे असतात असं नाही. पण त्याला विकणाऱ्याचा आणि दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता वेगळा ठेवता येत नाही. मोठ्या व्यापाराने नेमकी ही फारकत केली. विक्री सगळीकडे पोचली, जबाबदारी दोन-चार शहरांत थांबली.

ही फारकत भरून काढायची तर कायदाच लागतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाला वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. पण त्यात तक्रार करायची ती विक्रेता किंवा कंपनी जिथे व्यवसाय करते, अथवा जिथे तक्रारीचं कारण घडलं, तिथे. त्यामुळे लांबच्या कंपनीविरुद्धची अर्धी लढाई जागेवरून होणाऱ्या वादातच संपे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ ने ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. मला या कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. आता कंपनीने अकोल्यात यायचं.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. पुरेशी, योग्य चाचणी न करता वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मग विचारायला हवं की आमच्या जिल्ह्यात विकलेल्या यंत्राची चाचणी कोणत्या तापमानाला झाली? ४३ ला झाली असेल तर तसं खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, किमतीशेजारी लिहा. ४५ ला चालत नसेल तर अकोल्याच्या पिनकोडवर विकू नका, किंवा ग्राहकाला आधी सांगून विका. वापरपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लपवलेली अट म्हणजे सांगणं नव्हे. इन्सुलिनसाठी फ्रिज घेणाऱ्या माणसाला ते पान उशिरा सापडतं, तेव्हा औषध वाया गेलेलं असतं.

आपल्याकडे मात्र बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या फोननंतर सोडून देतात. ‘जाऊ द्या, कोण खेटे घालणार?’ कंपन्यांचा हिशेब या थकव्यावरच बेतलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून वाचकांना विनंती: बिल जपा, खोक्यावरच्या दाव्यांचे फोटो काढून ठेवा, फोनऐवजी लेखी तक्रार करा. ऑनलाइन घेतलं असेल तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण देणं बंधनकारक आहे. ते झालं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि त्यानंतर अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.