हशाची नोंद

परवा एका हौशी नाट्यमंडळाची स्मरणिका हाती आली. मंडळ आपल्या परभणी जिल्ह्यातलंच. प्रहसनं, वगनाट्यं, विनोदी एकांकिका आणि मधल्या वेळात नकला-गाणी असा भेळीचा कार्यक्रम करणारं. शेवटच्या पानांवर ‘आजवरचे प्रयोग’ असा तक्ता होता. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, स्थळ, पारितोषिक. पारितोषिकाचा रकाना सगळ्यांत रुंद. प्रकाशयोजना तृतीय, अभिनय उत्तेजनार्थ, नेपथ्य द्वितीय. एवढी सगळी नाटकं लोकांना हसवायला केली, आणि लोक हसले की नाही, हसले तर कशाला हसले, याबद्दल एक अक्षर नाही. माझं डोकंच फिरलं.

हे मी एका निवृत्त प्राध्यापक स्नेह्यांजवळ बोललो. ते म्हणाले, “सर, शिळा विनोद जपून ठेवायचा कशाला? टिकला ते साहित्य, विरली ती करमणूक. उगाच जीव जाळू नका.” आणि त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. त्या वाक्यात काहीतरी फार सोयीचं आहे, असं मला तेव्हापासून वाटत राहिलं.

गण, गवळण, बतावणी, मग वग, हा तमाशाचा क्रम मराठी वाचकाला मी सांगावा असं नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे. वसंत सबनीसांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला, 1965 मध्ये तो ‘विच्छा’ होऊन रंगमंचावर आला आणि दादा कोंडक्यांनी त्यातल्या हवालदाराचं सोनं केलं. मला त्यातली एकच गोष्ट पुढे घ्यायची आहे. सबनीसांची संहिता छापलेली आहे, आजही मिळते, वाचली तर हसूही येतं. पण दादा रोज त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं, त्या गावातलं काहीतरी उचलून आत घालत. ती वाक्यं त्या-त्या रात्रीबरोबर संपली. म्हणजे विनोद दोन प्रकारचा. एक लिहिलेला, दुसरा त्या रात्रीचा. पहिल्याला लेखक असतो, दुसऱ्याला गाव असतं.

हा दुसरा विनोद तयार कसा होतो, ते आमच्याकडच्या जत्रेत पाहायला मिळतं. फडाचा ट्रक दुपारी येतो, राहुट्या लागतात, आणि सोंगाड्या अंगात साधा सदरा घालून गावातल्या हॉटेलात चहाला बसतो. तो कुणाची मुलाखत घेत नाही. “यंदा पाऊसपाणी?” एवढंच म्हणतो. अर्ध्या तासात त्याला कळतं, की पुलाचं काम कुणी घेतलंय, पूल अजून कागदावर कसा आहे, नवे साहेब कुणाच्या घरी जेवतात आणि गावात नळ किती दिवसांनी येतो. रात्री राजा विचारतो, “प्रधानजी, राज्यात सारं आबादीआबाद ना?” मधेच सोंगाड्या हात जोडतो. “महाराज, आबाद तर हायच की. पूल बी बांधलाय. निस्ता नदीला अजून सांगितलं न्हाई.” पुढच्या दोन रांगांत शिट्ट्या, मागे टाळ्या, आणि खुर्चीवर बसलेल्या एका पांढऱ्या टोपीची मान मात्र जरा खाली. हे वाक्य दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात निरुपयोगी. तिथे पूल आहे, शाळेला छत नाही. मग छताचं वाक्य.

प्राध्यापकांना मी हे सांगितलं. त्यांनी लगेच लक्ष्मण देशपांड्यांचं नाव पुढे केलं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ टिकलंच ना? मराठवाड्याच्या बोलीतलं, एकट्या माणसानं 52 पात्रं उभी केलेलं, 1979 पासून गाजत आलेलं. 2009 मध्ये देशपांडे गेले, तरी माजलगावच्या संदीप पाठकांनी ते पुन्हा उभं केलं. चांगला विनोद मरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मुद्दा बिनतोड वाटतो. पण ‘वऱ्हाड’चा प्रयोग परभणीत बघा आणि पुण्यात बघा. तेच वाक्य, तोच हेल. परभणीत प्रेक्षक हसतो, कारण त्याचा चुलता हुबेहूब असाच बोलतो आणि तो रंगमंचावर बघायला मिळाला याचा त्याला आनंद झालेला असतो. पुण्यातला एखादा प्रेक्षक हसतो, कारण असं कुणी खरंच बोलतं याचीच त्याला गंमत वाटते. पहिला आपल्या माणसाला हसतो, दुसरा परक्या माणसाला. संहिता एकच आणि हशे दोन. मग टिकलं ते नेमकं काय? यावर प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही फार बारीक कातता.” याला मी उत्तर मानत नाही.

इथे थोडं आडवाटेनं जातो. आमच्या गावाबद्दल दोन म्हणी आहेत. एक जुन्या हैदराबादी वळणाची, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. दुसरी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. या कुणी लिहिल्या नाहीत, कुणाला त्यांचं पारितोषिक मिळालं नाही, तरी राज्यात कुठेही गेलं की लोक त्या आम्हाला ऐकवतात. दुसरी म्हण आम्ही स्वतःच छाती फुगवून सांगतो, आणि छाती फुगवतानाच तिच्यातली टिंगलही आम्हाला कळत असते. तर त्या जर्मनीतही एक गोष्ट घडली होती.

कॅबरे म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातली हेलन आठवते. बर्लिनमधला कॅबरे मात्र आपल्या बतावणीचा जवळचा नातेवाईक. लहानसं सभागृह, टेबलं, एक निवेदक, दोन गाणी, चार नकला आणि राज्यकर्त्यांना टोमणे. वेर्नर फिंक या विनोदी नटाने 1929 मध्ये ‘काटाकोम्बे’ नावाचा असा रंगमंच काढला. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा फिंकनं बोलणं थांबवलं नाही, फक्त वाक्यं अर्धी सोडायला सुरुवात केली. उरलेलं अर्धं प्रेक्षकच मनात पूर्ण करत. सरकारची माणसं सभागृहात वह्या घेऊन टिपणं काढायला बसत, आणि आपण फार भरभर तर बोलत नाही ना, असं फिंक त्यांना रंगमंचावरूनच विचारी, असं सांगतात. 1935 मध्ये तो रंगमंच बंद केला गेला आणि फिंकची रवानगी छळछावणीत झाली.

या गोष्टीतल्या त्या वह्यांवर माझं मन अडकतं. त्या रात्रीचा विनोद इतक्या मनापासून लिहून कोण घेतं? कौतुक करणारा नाही, समीक्षक नाही. लिहून घेतो तो बंदी घालणारा.

आपल्याकडेही तसंच. इंग्रज सरकारनं 1876 मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला, त्याच्या मुळाशी कलकत्त्यातलं एक प्रहसन होतं. इंग्लंडच्या युवराजाला थेट घरातल्या बायकांच्या दालनात नेऊन त्याचं स्वागत करणाऱ्या एका बड्या वकिलाची त्यात टर उडवली होती. बंगालमधल्या एका हशासाठी अख्ख्या देशाला कायदा, आणि तो पुस्तकातून निघायला 2018 उजाडलं. मराठवाड्यात निजामाच्या राज्यात गश्ती 53 होती. सभा-कार्यक्रमांना आधी परवानगी काढा, मग बोला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी त्या राज्यात होती, आणि गणपतीतल्या मेळ्यांच्या आडून बोलायचं ते बोललं जायचं. आजही महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. सोंगाड्यानं काय द्यावं? रात्री तो काय बोलणार, हे संध्याकाळी चहा पिईपर्यंत त्याचं त्यालाच माहीत नसतं.

इथवर आल्यावर मला वाटलं, प्राध्यापकांचं म्हणणंच खरं असावं. नोंद नाही तेच बरं. नोंद नाही म्हणून सोंगाड्या मोकळा आहे. सरपंचानं दुसऱ्या दिवशी जाब विचारला, तर “मी कुठं काय बोललो, मालक?” असं म्हणून तो सुटू शकतो. विरून जाणं हेच त्या विनोदाचं संरक्षण असेल, तर त्याला वहीत कशाला पकडा?

पण हा विचार फार वेळ टिकला नाही. त्याला कारण प्राध्यापकांचं तेच वाक्य, टिकलं ते साहित्य, विरली ती करमणूक. कुणाचं टिकलं आणि कुणाचं विरलं, ते जरा बघा. संहिता लिहिणारे, छापणारे, त्यावर प्रबंध लिहिणारे बहुतेक शिकलेल्या, वरच्या जातींतले. बोर्डावर रात्र-रात्र उभं राहून वाक्यं घडवणारे पिढ्यान्‌पिढ्या महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. तमाशातल्या एखाद्या पठ्ठे बापूरावाच्या लावण्यांचं पुस्तक होतं. हा मूळचा श्रीधर कुलकर्णी, लिहिता-वाचता. सोंगाड्याच्या बतावणीचं पुस्तक होत नाही. ही काळाची निवड म्हणायची की छापखान्याची? भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांचा इतिहास स्वतः लिहून काढला, म्हणून आज त्या जलशांबद्दल काही बोलता तरी येतं. गण-गवळणीच्या जुन्या साच्यात नवी टिंगल भरून गावोगाव हिंडलेले ते कलावंत प्राध्यापकांच्या हिशेबात करमणुकीतच गेले असते. तेव्हा नोंद हवी. यावर मी ठाम झालो.

मात्र कशाची नोंद, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर शोधताना मी सुरुवातीला जिथे उभा होतो, तिथून बराच लांब आलो. मला हवी होती अभिमानाची नोंद. आमच्या जिल्ह्यातल्या मंडळांनी किती हसवलं, ते जगाला कळावं. पण त्या रात्रीचा विनोद प्रामाणिकपणे लिहायचा, तर पुलाच्या वाक्याबरोबर दुसरीही वाक्यं येणार. मावशीच्या सोंगातल्या पुरुषानं बाईच्या अंगावरून केलेले विनोद येणार. बहिऱ्याला, तोतऱ्याला, काळ्या नवरीला हसलेलो आपण येणार. दखनी बोलणारा मुसलमान रंगमंचावर आला, की तोंड उघडण्याआधीच पडलेला हशा येणार. हौशी मंडळांच्या प्रहसनांत हे सगळं होतं, आणि खुर्च्यांवर बसून टाळ्या देणारे आम्हीच होतो. कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्याच्या दारू पिण्यावर या जिल्ह्यात कितीतरी प्रहसनं हसली. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या, तेव्हा तो विनोद हळूच गायब झाला. आपण त्यावर हसत होतो, हे आता कुणीच कबूल करत नाही, कारण नोंद नाही. सोंगाड्याला सुटायला जागा मिळते म्हणून मी ज्या विस्मरणाचं कौतुक केलं, त्याच विस्मरणातून प्रेक्षकही सुटतो. सोंगाड्याचं सुटणं मला मान्य आहे, कारण त्याला सरपंचाची भीती असते. प्रेक्षकाला कुणाची भीती?

म्हणून माझं आजचं म्हणणं असं, की मंडळांनी जुनी नाटकं नुसती यादीत ठेवू नयेत, त्यांतलं एखादं अधूनमधून जसंच्या तसं पुन्हा करावं. नवी रंगरंगोटी न करता, आजची वाक्यं न घालता. ते पडेल. पडू द्यावं. चाळीस वर्षांपूर्वी ज्या जागेवर छप्पर उडालं होतं, तिथे आज सभागृह गप्प राहिलं, तर त्या शांततेत या जिल्ह्याचा जेवढा इतिहास असतो, तेवढा एखाद्या जाडजूड ग्रंथातही सापडणार नाही. आणि काही जागांवर आजही तितकाच हशा पडला, तर ती त्याहून मोठी बातमी. पुलावर अजून हसू येतंय, म्हणजे पूल अजून कागदावरच आहे. बहिऱ्यावर अजून हसू येतंय, म्हणजे आपणही अजून तिथेच आहोत.

शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’नं 2012 मध्ये दाखवून दिलं, की आपल्याच भागातले नट सवाल-जवाबाच्या जुन्या चौकटीत आजचा सगळ्यांत ज्वालाग्राही विषय घालून शहरांनाही हसवू शकतात, आणि हसता-हसता प्रेक्षकाला स्वतःकडे बघायला लावू शकतात. ती ताकद या भागात आहे. तिच्या जोरावर नवं करणं मला सोपं वाटतं. आपलं जुनं पुन्हा करून ते पडताना बघणं अवघड.

प्राध्यापकांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, पडणारं नाटक बघायला तिकीट कोण काढील? प्रश्न रास्त आहे. पहिलं तिकीट मी काढीन, आणि त्यांच्या नावाचंही एक काढीन. जुन्या प्रयोगाला ज्या वाक्यांवर आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून पोट धरून हसलो होतो, ती वाक्यं कोणती होती, हे त्यांना माझ्याइतकंच आठवतं.