वरचा बघतोय!

लहानपणी आजीच्या डब्यातली खडीसाखर पळवताना मी हमखास सापडायचो. आजी ओरडायची नाही. छताकडे बोट दाखवून एवढंच म्हणायची, "कुणी बघत नाही असं समजू नकोस हो, वरचा बघतोय!"

शिकागोत इतकी वर्षं काढल्यावर या वाक्याची आठवण व्हावी ती बर्फामुळे! 2012 च्या जानेवारीत शहराने 'प्लाऊ ट्रॅकर' नावाचा नकाशा सर्वांसाठी खुला केला. बर्फ पडू लागला की संगणकावर बघायचं: कुठला ट्रक कुठल्या रस्त्यावर आहे, ते खुणांवरून घरबसल्या कळतं. आधी हमरस्ते, मग आमच्यासारख्यांच्या गल्ल्या. बाहेर शून्याखाली थंडी, हातात आल्याचा चहा आणि समोर सरकणारे ट्रक. क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा मी तो नकाशा बघतो.

यात गंमत आहे, तसा न्यायही आहे. मंडळातली जुनी मंडळी 1979 च्या जानेवारीतल्या हिमवादळाच्या गोष्टी अजून सांगतात. दोन दिवसांत दीड फुटाहून जास्त बर्फ पडला. रस्ते तुंबले, आणि त्यानंतरच्या दिवसांत शहराच्या लोकल गाड्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली स्टेशनं न थांबता ओलांडून जाऊ लागल्या. लोक फलाटावर कुडकुडत उभे! तो राग मतपेटीत उतरला. फेब्रुवारीतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकेल बिलँडिक हरले आणि जेन बर्न पुढे शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बर्फ सगळ्यांवर सारखाच पडतो, पण उपसला सारखा जातो का, हा प्रश्न तेव्हापासून या शहराच्या मनात आहे. ट्रॅकरमुळे त्याचं उत्तर मागायला पुरावा मिळाला. शहराचा नकाशा फक्त 'आत्ता' दाखवतो, म्हणून काही नागरिकांनी 2012 मध्येच ट्रक कुठून कुठे गेले याची नोंद जपणारी 'क्लिअरस्ट्रीट्स' ही साइटही केली.

इथवर सगळं छान. पण गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या गल्लीपासून दोन चौक अलीकडे एक ट्रक वीस मिनिटं जागचा हलेना. "बसलाय कॉफी पीत लेकाचा!" म्हणत मी 311 ला फोन लावायला घेतला.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर बसवलं होतं, आठवतंय?"

आठवत कसं नाही! कीबोर्ड किती मिनिटं स्वस्थ होता याची नोंद ठेवणारं ते सॉफ्टवेअर. दोन रात्री मला झोप नव्हती. "मी विचार करत बसलो तर ते काम नाही का? इतक्या वर्षांत एवढाही विश्वास नाही?" असं मी तावातावाने म्हणालो होतो. 2003 च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फ काढणाऱ्या कंत्राटदारांना जीपीएसचे फोन बाळगायला सांगितले, तेव्हा त्यांनी निदर्शनं केली होती. ती बातमी वाचून मी हसलो होतो. लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला, असं वाटलं होतं. कीबोर्डची पाळी आली तेव्हा ते हसू गेलं.

तो ट्रक का थांबला असेल? पुढे एखादी गाडी आडवी अडकली असेल. पातं बिघडलं असेल. किंवा रात्रभर जागलेला माणूस खरंच पाच घोट कॉफी घेत असेल. पातं खाली आहे की वर, मीठ पडतंय की नाही, हे ट्रकवरची यंत्रं सांगू शकतात. कारण सांगू शकत नाहीत.

मग ट्रॅकर नकोच का? तसं मला वाटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, त्याचा हिशेब सगळ्यांना दिसलाच पाहिजे. शिवाय ही नोंद ड्रायव्हरच्याही उपयोगाची आहे. "आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही" असा खोटा आळ आला तर तीच त्याची साक्ष. आपल्याकडे साक्षी आणि पहारेकरी यांत फरक करतात. साक्षी जे घडलं ते सांगतो. पहारेकरी आधी संशय धरतो आणि मग बघतो. यंत्र दोघांचं एकच. आपण कोण व्हायचं ते आपण ठरवायचं.

आणखी एक गंमत. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून कुणाकडेच बघत नसतात! ते फक्त आपली वेळ आणि जागा सांगणारे संदेश पाठवत राहतात. त्यावरून ट्रकमधलं यंत्र स्वतःचा ठावठिकाणा काढतं आणि मोबाइलच्या जाळ्यातून शहराला कळवतं. म्हणजे बघणारे आपणच, इथे खाली, चहा पीत! आजीचा 'वरचा' खडीसाखरेची चोरी बघायचा, तशी पोराची भूकही बघायचा. आपल्याला मात्र नुसती खूण दिसते.

त्या दिवशी मी फोन खाली ठेवला. आता स्वतःला एवढाच नियम घालून घेतलाय: गल्ली साफ झाली नाही तर तक्रार जरूर करायची, पण ट्रक का थांबला याचा निवाडा खिडकीतून करायचा नाही.

दुपारी तो आला. ड्राइव्हवेच्या तोंडाशी नेहमीसारखा बर्फाचा ढीग लावून गेला. मी फावडं उचललं आणि, जरा कुरकुरतच, त्याला हात केला.