नकाशा निर्दोष असतो काय?

भालकीहून उदगीरला निघाले की राज्य कुठे बदलले ते पाट्यांवरून कळते. कानडी अक्षरे जाऊन मराठी येतात. काळी माती, तूर, बाभळी तशाच राहतात, आणि एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीची बोलीही. 1956 पर्यंत ही दोन्ही गावे बीदर या एकाच जिल्ह्यात होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. आमच्या निम्म्या सोयरिकी पलीकडे पडल्या; उदगीरची मावशी त्यांतलीच. तेव्हापासून भिंतीवरचा नकाशा मला नुसता कागद वाटला नाही.

परंतु या मुलखावरून पहिली शास्त्रशुद्ध रेघ गेली ती कोणाला तोडण्यासाठी नव्हे. युरोपच्या लेखी आपण दूरच्या खंडातले. तिथून आलेल्या विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने एक सरळ पाया मोजला. पायाच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घेतले की त्रिकोण सुटतो, आणि त्याची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी माळ ओवीत तो उत्तरेला सरकला. मधे चूक शिरली की काय हे पडताळण्यासाठी 1815 मध्ये बीदरपाशी पुन्हा पाया मोजला. इथल्याच बाजूच्या दामरगिड्डा ठाण्यापासून, 18 अंश 3 कलांपासून, पुढचे माप जॉर्ज एव्हरेस्टने 1830 च्या ग्रंथात मांडले. लॅम्बटनला जाणून घ्यायचा होता पृथ्वीचा आकार. 1823 साली हिंगणघाटला वारला तोही कामावर असतानाच.

मग त्याला दोष द्यावा काय? पैसा कंपनीचा होता, आणि कंपनीला सारा हवा होता, फौजेच्या वाटा हव्या होत्या. माझे एक स्नेही म्हणतात, सुरी घडवणारा लोहार खुनी ठरत नाही. खरे आहे, पण गिऱ्हाईक कोण हे लोहाराला ठाऊक असेल तर? लॅम्बटनला ते ठाऊक नसेल असे मी मानत नाही. तरी त्याचा राग धरवत नाही, कारण चूक सापडावी म्हणून त्याने स्वतःच पुन्हा साखळी अंथरली. 1956 ची रेघ भाषेच्या नावाने ओढली. आमच्याकडे एकेका घरात दोन-तीन भाषा नांदतात. त्यांचे कोन कोणत्या यंत्राने घ्यायचे?

माझे दुखणे आणखी वेगळे आहे. 1819 मध्ये कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात एव्हरेस्टचा तळ तापाने लोळला. तो प्रकृतीसाठी केपला गेला, बरा झाला, आणि 1865 साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्याचे नाव मिळाले. त्याच तापाने निशाणे धरणारे, ओझी वाहणारे आपल्याकडचे लोकही पडले. त्यांची नावे नकाशावर नाहीत. सीमेच्या भांडणात आज दोन्ही बाजू नकाशेच पुढे करतात. मावशी होती तोवर तिला विचारायला कोणी आले नाही.