नातलगांच्या दारी : सुट्टीतील प्रवास आणि सिलारहमी

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून अनेक कुटुंबे मुंबईची वाट धरतात. कोणाचे चाचा कुर्ल्यात असतात, कोणाची खाला गोवंडीत, तर कोणाची फूफी मुंब्र्यात. अवर्षणाने गांजलेल्या या पट्ट्यातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी जे पोटासाठी बाहेर पडले, त्यांतील बरेच जण तिथलेच होऊन राहिले. मागे राहिलेल्यांनी शेती सांभाळली. एकाच आजोबांची नातवंडे आज दोन निरनिराळ्या जगांत वाढत आहेत.

प्रवासाच्या सोयी आता पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नवीन आष्टी ते अहिल्यानगर हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मिळू लागली. दादीला सोबत नेणे भाड्यामुळे अशक्य होते, असे म्हणण्यास आता फारसा वाव उरलेला नाही. तथापि रस्ता जवळ आला म्हणजे माणसे जवळ आली, असे होत नाही. म्हणून बॅगा भरण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा प्रवास आपण कोणत्या नियतीने करीत आहोत?

कर्मांचे मूल्य नियतीवर अवलंबून असते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्व जाणतो. समुद्र, गेट वे, राणीची बाग मुलांना दाखवणे यात काही गैर नाही. पृथ्वीवर फिरा आणि अल्लाहने निर्मितीचा प्रारंभ कसा केला ते पाहा, असा आदेश सूरह अन्कबूतमध्ये आहे. परंतु हाच प्रवास रक्ताचे नाते जोडण्याच्या, म्हणजे सिलारहमीच्या हेतूने केला, तर तो इबादत ठरतो. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचे भय बाळगण्याच्या आदेशाला लागूनच नात्यांविषयी सावध राहण्याचा आदेश आला आहे. यावरून नात्याचे स्थान किती उंच आहे, हे ध्यानात येते.

सहा वर्षांच्या बालकाचा प्रवास

नातलगांना भेटण्यासाठी मुलाला घेऊन दूरच्या शहरी जाणे ही गोष्ट प्रेषितांच्या चरित्रातही आहे. प्रेषित (स.) सहा वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या मातोश्री आमिना त्यांना घेऊन मक्केहून यसरिबला गेल्या. सोबत सेविका उम्मे ऐमन (रजि.) होत्या. आजोबा अब्दुल मुत्तलिब यांचे आजोळ, बनू नज्जार घराणे, यसरिबमध्ये होते. पिता अब्दुल्लाह यांची कबरही तिथेच होती. सीरतकार सांगतात की, मायलेक तिथे सुमारे एक महिना राहिले. परतीच्या वाटेवर अबवा येथे आमिना निवर्तल्या आणि उम्मे ऐमन (रजि.) यांनी त्या अनाथ बालकाला मक्केस आणले.

त्या एका महिन्याची आठवण प्रेषितांच्या मनात कायम राहिली. सुमारे ४७ वर्षांनी, सन ६२२ मध्ये, मक्केने छळ करून बाहेर घालवलेले प्रेषित (स.) त्याच यसरिबमध्ये आले. प्रत्येक घराणे आपल्याकडे उतरण्याचा आग्रह करीत होते. त्यांनी मुक्कामासाठी बनू नज्जारची वस्ती निवडली. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार आजोबांच्या आजोळचा सन्मान व्हावा, हा हेतू त्यांनी स्वतः बोलून दाखवला. बालपणी आपण जिथे राहिलो ते घर आणि जिथे पोहायला शिकलो ते पाणी त्यांनी ओळखले, असेही सीरतकार नमूद करतात.

प्रिय वाचकहो, एका मातेने आपल्या मुलाला एकदा नातलगांच्या दारी नेले होते. पुढे तेच नाते त्याच्या कामी आले. आपण मुलांना मुंबई दाखवतो, पण त्यांच्या दादाचे आजोळ कोणते, दादीची सख्खी बहीण कोठे राहते, हे दाखवतो का? नाती जोडता यावीत एवढे तरी आपले वंशज्ञान शिकून घ्या, अशी शिकवण तिर्मिजीच्या हदीसमध्ये आहे. हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ते दादी-नानीच्या तोंडी असते आणि त्यांच्याबरोबरच कबरीत जाते. म्हणून या प्रवासात वडीलधाऱ्यांचे असणे मुलांसाठी फार मोलाचे आहे.

परतफेड म्हणजे सिलारहमी नव्हे

पुष्कळ घरांत मात्र हिशेब आडवा येतो. "ते आमच्या मुलीच्या निकाहला आले नाहीत, मग आम्ही का जावे?" गावाकडचे म्हणतात, मुंबईकरांना गावाची आठवण जमीन विकण्याच्या वेळीच येते. मुंबईकर म्हणतात, गावाकडच्यांना आमची आठवण दवाखान्याच्या वेळीच होते. दोघांच्या म्हणण्यात थोडे तथ्य असेलही. परंतु बुखारीच्या हदीसनुसार बरोबरीची परतफेड करणारा हा नाते जोडणारा नव्हे. समोरचा तोडत असतानाही जो जोडतो, तोच खरा नाते जोडणारा होय. ज्याला आपल्या उपजीविकेत वृद्धी आणि आयुष्यात बरकत हवी असेल त्याने नाते जोडावे, हे बुखारी व मुस्लिम दोन्हींत आले आहे. नाते तोडणारा जन्नतमध्ये जाणार नाही, हा कठोर इशाराही त्याच संग्रहांत आहे. ज्या भावाशी वर्षानुवर्षे बोलणे नाही त्याच्या दारी सलाम करून उभे राहणे सोपे नसते. म्हणूनच त्याचा मोबदला मोठा आहे.

लहान घर आणि पाहुण्याचे कर्तव्य

मुंबईतील घर केवढे असते, हे गावाकडून जाणाऱ्याने आधी समजून घ्यावे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका प्रारंभी २२५ चौरस फुटांची होती, पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांची झाली. एवढ्या जागेत पाच-सहा माणसांचा संसार असतो. त्यात आपण सात जण जाऊन पोहोचतो. पाणी ठराविक वेळीच येते, घरातील एक जण पहाटे कामावर निघतो, एखाद्या मुलाची परीक्षा असते.

अशा घरासाठीच जणू सूरह नूर उतरली आहे, असे वाटावे इतके तिचे आदेश नेमके आहेत. परवानगी घेऊन आणि सलाम करूनच दुसऱ्याच्या घरात जा; परत जा म्हटले तर परत फिरा. आजच्या काळात याचा अर्थ असा की, आधी फोन करून विचारावे. "आम्ही उद्या येतो" एवढेच कळवणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. यजमान "पुढच्या आठवड्यात या" म्हणाला तर राग धरू नये. फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर, अशा तीन वेळी मुलांनीही विचारल्याशिवाय खोलीत जाऊ नये, हा नियमही याच सूरहमध्ये आहे. खोली एकच असेल तर निदान पडदा असावा, झोपण्याची व्यवस्था स्त्री-पुरुषांच्या मर्यादा सांभाळून करावी, पुरुषांनी शेजारी किंवा अन्यत्र सोय पाहावी.

परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे, असे प्रेषितांनी स्पष्ट केले आहे. मग मोबाइलच्या कॅमेऱ्याचे काय? यजमानाचे स्वयंपाकघर, वाळत घातलेले कपडे, घरातील लेकी-सुना यांची चित्रे न विचारता काढून नातलगांच्या गटात पाठवणे म्हणजे एका घरात शंभर नजरा विनापरवानगी घुसवणे होय.

मुक्कामाची मर्यादाही ठरलेली आहे. पाहुण्याचा विशेष पाहुणचार एक दिवस-रात्रीचा, आतिथ्य तीन दिवसांचे आणि त्यापुढे जे मिळेल ते दान. यजमान अडचणीत येईल इतके राहणे पाहुण्यासाठी वैध नाही. त्याच्याजवळ खाऊ घालण्यास काही उरलेले नसताना राहणे म्हणजे त्याला गुन्ह्यात ढकलणे, असा खुलासा हदीसमध्ये आला आहे. सूरह नूरनेच चाचा, फूफी, मामू आणि खाला यांच्या घरी जेवण्यास मोकळीक दिली आहे, यात शंका नाही. परंतु मोकळीक म्हणजे ओझे टाकण्याचा परवाना नव्हे. अधिक दिवस राहायचे असेल तर किराणा आपण भरावा, गॅसचा खर्च उचलावा, गावाकडून ज्वारी आणि डाळ न्यावी. नातलगाला दिलेल्या दानाचे पुण्य दुहेरी असते, एक दानाचे आणि दुसरे नाते जोडण्याचे.

यजमानाचे कर्तव्य

यजमानानेही आपले स्थान ओळखावे. हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हा ते गाजावाजा न करता घरात गेले आणि पुष्ट वासराचे मांस घेऊन आले, असे सूरह जारियातमध्ये वर्णन आहे. त्यांनी "जेवणार का?" असे विचारून पाहुण्याला संकोचात टाकले नाही. मदीनेत प्रेषित (स.) अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी खालच्या भागात उतरले होते. एकदा वर पाण्याचे भांडे फुटले. पाणी खाली प्रेषितांवर ठिबकू नये म्हणून त्या पतिपत्नींनी आपल्याजवळचे एकमेव पांघरूण टाकून ते टिपून घेतले. घर तर साधेच होते, पण त्यात पाहुण्याची अशी काळजी घेतली जात होती.

परंतु आतिथ्याचे पुण्य पुरुषाचे आणि श्रम मात्र सुनेचे, अशी वाटणी दीनमध्ये नाही. १२-१३ माणसांच्या भाकरी एकटी स्त्री थापते आणि पुरुष मंडळी बाहेर गप्पा मारतात, तेव्हा त्या पाहुणचारात कोणाचा तरी हक्क बुडत असतो. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत, ही हजरत आयशा (रजि.) यांची साक्ष बुखारीत आहे. पाहुण्या स्त्रियांनी कामाला लागावे, मुलांनी पाणी भरावे, पुरुषांनी बाजारहाट करावा.

वृद्ध आणि नमाज

सोबतच्या वृद्धांच्या गतीने सर्वांनी चालावे. लोकलची गर्दी, पुलाचे जिने, चौथ्या मजल्यावरची खोली हे सर्व दादीसाठी कठीण असते. आईवडिलांना "उफ्"सुद्धा म्हणू नये आणि त्यांच्यापुढे नम्रतेने झुकावे, हा सूरह बनी इस्राईलचा आदेश फलाटावरही लागू आहे. एखादे स्थळ पाहायचे राहिले तर राहू द्यावे. दादीला तिच्या बहिणीजवळ एक दिवस निवांत बसू द्यावे. या वयातील दोन बहिणींची पुढची भेट कधी होईल, होईल की नाही, हे केवळ अल्लाह जाणतो.

आष्टी ते मुंबई हे अंतर ७७ किलोमीटरांच्या मर्यादेपलीकडचे आहे. त्यामुळे हनफी मतानुसार १५ दिवसांहून कमी मुक्कामाची नियत असणारा जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकअतींऐवजी दोन पढेल. स्थानिक इमामामागे मात्र पूर्ण पढेल. अल्लाहने सवलत दिली आहे, सुट्टी दिलेली नाही. प्रवासात मुले नमाज सोडायला शिकली, तर त्या सहलीत लाभापेक्षा हानीच अधिक झाली.

फूफीचा हिस्सा

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण ती बोलली जात नाही. आपण मुंबईला फूफीकडे जातो. तिच्यासाठी ज्वारीचे पोते नेतो, साडी नेतो. ती आनंदाने रडते, आपल्याला पोटभर जेवू घालते. परंतु आष्टीच्या ज्या शेतातून ती ज्वारी आली, त्या शेतात तिचाही हिस्सा होता. त्याचे काय झाले? अनेक घरांत उत्तर एकच असते : "तिने हक्कसोडपत्रावर सही केली आहे."

ती सही कशी झाली, हे आपण मनाला विचारावे. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, या भीतीने झालेली सही म्हणजे मनापासूनची संमती नव्हे. आईवडील आणि जवळचे नातलग जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा जसा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तो ठरवून दिलेला आहे, हे सूरह निसाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तो अल्लाहने ठरवला आहे. भावांच्या मर्जीवर सोडलेला नाही. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, हा आदेशही त्याच सूरहमध्ये आहे. बहिणीचा हक्क दाबून तिच्या घरी भेटवस्तू नेणे म्हणजे एका हाताने नाते तोडणे आणि दुसऱ्या हाताने जोडल्याचा देखावा करणे होय.

म्हणून या सुट्टीत ज्यांच्यावर असा हक्क बाकी आहे त्यांनी सातबाराचा उतारा सोबत न्यावा. बहिणीसमोर तो ठेवावा आणि तिचा हिस्सा किती होतो ते स्वतःहून सांगावे. ती जमीन घेईल, किंमत घेईल, अथवा हक्क हाती आल्यावर खुशीने भावाला परत देईल, तो तिचा अधिकार. वडील हयात नसतील आणि भाऊही निवर्तले असतील, तर हे कर्तव्य भाच्यांचे आहे. दोन्ही पिढ्या एका खोलीत बसलेल्या असतात, असा प्रसंग वर्षातून एकदाच येतो. हक्क बाकी ठेवून आपण अल्लाहसमोर उभे राहिलो, तर तिथे फेडण्यासाठी पुण्याईशिवाय दुसरे काही हाती नसेल.

अल्लाह आपल्या प्रवासांना सिलारहमीचे साधन बनवो. आपल्या वृद्धांना सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो. आपल्या मुलांच्या मनात नात्यांची ओळख रुजवो, तुटलेली घरे सांधो आणि ज्यांचे हक्क आपल्यावर आहेत ते मृत्यूपूर्वी फेडण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.