डोंगराचे देवपण

शिवाचे ज्योतिर्लिंग असलेला भीमाशंकरचा डोंगर लाव्ह्याचा आहे हे कळल्यावर त्याच्या देवपणाला धक्का लागतो का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर निवत गेला आणि दख्खनचे पठार झाले. पुढे त्याची पश्चिम कड उचलली गेली, पावसाने आणि ओढ्यांनी कोरली. उरला तो सह्याद्री. काही थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, कारण दुसरा प्रवाह येईपर्यंत खालच्या दगडाची माती होण्याइतका काळ गेला होता. देवाचे ठिकाण अनादि आणि अचल असावे, असे मानणाऱ्याला हे खुपेल. पण सृष्टी आणि संहार ही दोन्ही शिवाचीच कामे, असे शैव विचार सांगतो. त्याचे स्थान घडते आणि झिजते, यात विसंगती कुठे आहे?

मग कोणी विचारील, डोंगर झिजणारच असेल तर वरचे रान राखायचे कशाला? इथे काळाचा हिशेब पाहावा लागतो. कातळ झिजायला लाखो वर्षे लागतात. झाडे गेली तर उतारावरची पातळ माती थोड्याच पावसाळ्यांत वाहून जाते. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची मुळे ती धरून ठेवतात, शेकरू ही मोठी खार याच झाडांवर घरटे बांधते, आणि इथे उगम पावणारी भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते.

याहून गंभीर आक्षेप असा की, देवाच्या धाकाने देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राया, टिकल्या. भूगर्भशास्त्राने तो धाक घालवला तर त्या तुटतील. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या धाकाचे बळ त्यांनाही दिसले होते. ते मी नाकारत नाही. तरीही श्रद्धा शाबूत असताना देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडे विकल्याची उदाहरणे आहेत. तिथे विज्ञानाने काही बिघडवले नव्हते. देव रानातून निघून सिमेंटच्या गाभाऱ्यात गेला होता. मग हा सगळा पर्यावरणाचाच विचार, त्यात देव कशाला, असेही म्हणता येईल. मला ते पटत नाही. भीमाशंकरला 1985 मध्ये अभयारण्य झाले, ते रानाचे मोल जाणूनच. अनेक देवरायांत मात्र पडलेली काटकीही घरी नेत नसत, आणि तिचा चुलीला उपयोग आहे हे न नेणाऱ्यालाही पुरते ठाऊक असे.