आधी भाकर, मग वाणी



एलिया संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआलच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिला. पण ईजबेल राणीचा एक निरोप येताच तोच एलिया जीव घेऊन पळाला. दिवसभर रानातून चालला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला (१ राजे १९). एवढा शूर माणूस असा का खचला? पाहा, तो चालून थकला होता, पोटात काही नव्हते आणि सोबतच्या नोकरालाही बैर-शेबात ठेवून आला होता.

देव त्याच्यावर रागावला नाही, उपदेशही केला नाही. आधी त्याला झोपू दिले. मग दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पाठवला. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी. राणी तशीच होती, धोकाही तसाच होता. फक्त तो सोसणाऱ्या शरीरात बळ आले होते.

ताणाची कारणे जालन्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. रोलिंग मिलमध्ये पाळी बदलते, पण झोप तिच्याबरोबर बदलत नाही. शेतीपंपाची वीज रात्री आली की शेतकऱ्याची रात्र बांधावर जाते. अशांना 'वेळेवर झोपत जा' म्हणणे ही थट्टाच. कर्ज झोपेने फिटत नाही, हे मलाही कळते. पण तोच कर्जाचा आकडा पहाटे तीनला जेवढा अक्राळविक्राळ दिसतो, तेवढा पोटभर न्याहारीनंतर दिसत नाही. झोप अपुरी राहिली की मन क्षुल्लक गोष्टीलाही संकट समजते आणि माणूस बायको-मुलांवर खेकसतो.

गंमत अशी की ताण आला की आपण नेमके तो वाढवणारेच करतो. जेवण टाळतो, चहा वाढवतो. सायंकाळी सहाच्या चहाचा बराचसा अंमल रात्री अकरालाही अंगात असतो. तंबाखूने बरे वाटते म्हणतात, पण ते बरेचसे तलफ भागल्याचे समाधान असते. छाती मात्र जोरात धडधडते. दारू झोप आणते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. उरलेली झोप मोबाईल खातो. माझेच सांगतो. एका नाताळच्या आठवड्यात चहावर दिवस काढून मी गायनमंडळातल्या एका मुलावर सर्वांदेखत ओरडलो. दुसऱ्या दिवशी नीट जेवून झोपल्यावर त्याची चूक काय होती तेच आठवेना. त्याची माफी मागितली.

वादळात प्रभू येशू होडीत उशीवर झोपला होता. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा त्यानेच त्यांना एकांतात विसाव्याला बोलावले (मार्क ६). म्हणून रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत अंधार करून झोपावे. घरच्यांनी त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा, कोणी आळशी म्हणू नये. रात्री पाणी दिलेल्याने दुपारी निःसंकोच आडवे व्हावे. दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, फोन बाजूला ठेवून घ्यावे. सायंकाळी शेजाऱ्याला घेऊन अर्धा तास चालावे.

यानेही काळोख हटत नसेल, आठवडे-आठवडे झोप नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो पापाचा किंवा विश्वास कमी पडल्याचा पुरावा नव्हे. एलियालाही तसे वाटले होते. डॉक्टरांकडे जा, माझ्याकडेही या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, त्याला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि तुमच्या गल्लीतले कोणी गेले काही रविवार मिस्साला दिसले नसेल, तर भाकरी घेऊन त्यांच्या दारी जा. पहिल्यांदा 'नको' म्हणतील. दूतही दोनदा आला होता.